मेस्तांची फळी आणि दोन कंट्रोलर

कामाचे अनुभव लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. असे लेख निवृत्त माणसं लिहितात. मी अजून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं काम म्हणजे डिचोलीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये शनिवार आणि सुटीचे दिवस, असं तीन वर्षं. पण या तीन वर्षांत एक चूक माझ्या हातून झाली. ती माझी आहे, म्हणून दुसरं कोणी ती लिहिणार नाही. त्यामुळे लिहिते.

माझे वडील सुर्ल्याला खनिजाचा टिप्पर चालवायचे. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. इलेक्ट्रॉनिक्स शिकते म्हणजे टीव्ही दुरुस्त करते, असं आईला वाटतं. मी तिला खोडून काढत नाही, कारण शेजारच्यांचे दोन टीव्ही मी खरोखरच दुरुस्त केले आहेत.

आमच्या वर्कशॉपमध्ये लाकूड कोरणारी लहान सीएनसी यंत्रं बनतात. कारखान्यात असतात तशी मोठी नाहीत. घराच्या पडवीत मावतील अशी, हौसेने काही करणाऱ्यांसाठी आणि एकट्याने काम करणाऱ्या कारागिरांसाठी. एक लोखंडी मेज, त्यावर पुढेमागे सरकणारा आडवा पूल, पुलावर डावीउजवीकडे आणि वरखाली जाणारी मोटर, आणि मोटरच्या तोंडात गरगर फिरणारं पातं. एवढंच. बघायला येणारे सगळे पात्याकडे बघतात. पण पात्याने कुठे जायचं, किती खोल जायचं, हे सांगणारा भाग वेगळा असतो. तो कंट्रोलर. तो कुठला घ्यावा हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं माझ्याकडे होतं. सर, म्हणजे वर्कशॉपचे मालक, लोखंडात हुशार. बोलायचा त्यांना कंटाळा.

कंट्रोलर दोन प्रकारचे. पहिल्यात घरचा कॉम्प्युटरच यंत्र चालवतो. पडद्यावर सगळं चित्र दिसतं, पातं कुठे आहे ते दिसतं, आयत्या वेळी बदलही करता येतो. पण कॉम्प्युटर हा दहा कामं अंगावर घेतलेला माणूस आहे. मोटरला हुकूम देता देता त्याला मध्येच दुसरं काही आठवतं, तो क्षणभर अडखळतो, आणि तेवढ्यात पातं चुकतं. शिवाय लाकडाचा भुसा त्याच्या पंख्यात जातो. दुसरा प्रकार म्हणजे हातात धरायचा स्वतंत्र कंट्रोलर. आम्ही त्याला डबा म्हणतो. बोटभर पडदा आणि थोडी बटणं. पेनड्राइव्हवर काम भरून आणायचं, त्याला लावायचं आणि बटण दाबायचं. तो दुसरं काही करत नाही, म्हणून अडखळतही नाही. पण तो चित्र दाखवत नाही; फाइलचं नाव तेवढं दाखवतो. आत काय आहे ते आपण लक्षात ठेवायचं.

कुठला चांगला, असं लोक विचारतात. मला या प्रश्नाची भीती वाटते. पहिल्या वर्षी मी दोन्हींचे सगळे दोष सांगत बसायची. सर एकदा म्हणाले, "समीक्षा, तू सगळं खरं सांगतेस ते बरं आहे, पण माणूस यंत्र घ्यायला आलाय, लग्न मोडायला नाही."

पाळी गावचे एक निवृत्त सर्व्हेअर आमच्याकडे यायचे. आयुष्यभर खाणीवर मोजणी केलेली. त्यांना गावचा डोंगर लाकडात कोरायचा होता, खाण सुरू होण्याआधी होता तसा. जुन्या मोजण्यांवरून त्यांनी स्वतः उंचसखल नकाशा तयार केला होता. ती फाइल एवढी मोठी की डब्याने घेतलीच नाही. त्यांना मी कॉम्प्युटर दिला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "अगो, डोंगराच्या अर्ध्यावर हा कॉम्प्युटर स्वतःलाच सुधारायला बसला. थांबा म्हणतो! मी काय खाणवाला आहे, अर्धा डोंगर कापून ठेवायला?" मी धावत गेले, त्याचं इंटरनेट काढून टाकलं, आपोआप बंद होण्याच्या सगळ्या खोडी बंद केल्या. नंतर तो डोंगर पूर्ण झाला. कारण ते कदेल, म्हणजे खुर्ची, घेऊन यंत्रासमोर बसायचे आणि जेवायलाही उठायचे नाहीत. त्यांना कॉम्प्युटरच योग्य होता. तेव्हा मला वाटलं, आपल्याला हे जमतं.

मग पेडण्याहून अंतू मेस्त आले.

आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. अंतू मेस्त साठीच्या पुढचे, देवळाच्या कामातले. गेल्या काही वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. बाकी सुतारकाम व्हायचं, पण बारीक कोरीव काम हातून निसटत चाललं होतं, म्हणून ते यंत्र घ्यायला आले होते. त्यांच्या गावच्या देवळामागचा जुना फणस वाऱ्याने पडला होता. त्याच्या खोडातून एकच फळी अखंड, बिनभेगांची निघाली. ती गाभाऱ्याच्या दारावरच्या गणेशपट्टीसाठी ठेवायची असं देवस्थान समितीने ठरवलं आणि काम मेस्तांना दिलं. मधोमध गणपती, दोन्ही बाजूंना पानवेल. चित्र मेस्तांनी स्वतः कागदावर काढलं होतं. मी ते कॉम्प्युटरवर चढवलं.

"दुसरी फळी ना," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "झाड देवाचें. तें परत पडचें ना."

त्यांना कुठला कंट्रोलर द्यायचा, यावर मी दोन आठवडे काढले. मन डब्याकडे जात होतं. मेस्तांच्या गावात लाईट सारखी जायची आणि डब्याचा मोठा गुण हा, की लाईट गेली तरी काम कुठे थांबलं ते त्याच्या लक्षात राहतं. परत आल्यावर तो विचारतो, पुढे चालू करू का? बटण दाबलं की तिथूनच सुरू. शिवाय मेस्तांना इंग्रजी येत नव्हतं. "हांव मराठी वाचता बाय. इंग्लीश म्हळ्यार नुसतें काळें दिसता," ते म्हणाले. डब्याची बटणं मोजकी. बोटांना पाठ होतील. पण डब्यावर चित्र दिसणार नाही, आणि इतक्या मोलाच्या फळीवर माणसाने न बघता काम करायचं, हेही मनाला पटत नव्हतं. मी एकदा हे सांगायची, एकदा ते.

शेवटी मेस्त म्हणाले, "तू शिकिल्ली. तुजें खरें आसतलें. पूण फळी देवाची. देवाक विचारूया."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे देवाला कौल लावतात. पुजारी मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न मोठ्याने सांगतो आणि वाट बघतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, विहीर, सगळं विचारतात. पण कंट्रोलर कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

पुजाऱ्यांनी मला पुढे बोलावलं. "प्रश्न काय, सांग."

"कॉम्प्युटर घ्यावा की डबा?"

"असा जोडप्रश्न देवाला घालायचा नाही. एकच गोष्ट विचार. तिला होय की नाही, एवढंच तो सांगेल."

मागे समितीची दोनतीन माणसं उभी होती. मग माझ्या तोंडून आलं, "मेस्तांनी डबा घ्यावा का?" बोलून झाल्यावर लक्षात आलं की माझं मत मी इथेच दिलं. पुजाऱ्यांनी प्रश्न देवापुढे सांगितला. आम्ही हात जोडून उभे. थोड्या वेळाने उजवी पाकळी अलगद सुटून खाली आली. मेस्तांचा चेहरा उजळला, आणि खोटं कशाला सांगू, माझाही.

कॉलेजातल्या मैत्रिणींना मी हे हसत सांगितलं. पण आतून मला जे वाटलं ते हसण्यासारखं नव्हतं. आता निर्णय माझा राहिला नाही, याचा मला फार मोठा आधार वाटला. आणि त्या आधारावर मी ढिली पडले.

यंत्र बसवल्यावर गिऱ्हाइकाला दोन दिवस शिकवायचं, ही आमची पद्धत. दुसऱ्या दिवशी एक सराव ठरलेला. साध्या फळीवर काम चालू असताना मुद्दाम मेन स्विच बंद करायचा आणि परत सुरू कसं करायचं ते त्या माणसाच्या हाताने करून घ्यायचं. मेस्त पहिल्याच दिवशी सगळं भराभर शिकले. बटणांवर मी मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या: सुरू, थांब, होय, नाही, घरी जा. दुसऱ्या दिवशी माझी कॉलेजात परीक्षा होती. मी म्हटलं, "लाईट गेली तर घाबरू नका. याला सगळं आठवतं. तो विचारेल, तुम्ही 'होय' दाबा." आणि बस पकडली.

आठवड्याभराने दुपारी सरांच्या फोनवर मेस्तांचा फोन आला. सरांनी तो माझ्याकडे दिला.

"बाय, फळीक लागलें."

एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

डिचोलीहून म्हापसा आणि म्हापशाहून पेडणे, असा दोन बसचा प्रवास. जनेलाकडे, म्हणजे खिडकीपाशी, बसूनही मला बाहेरचं काही दिसलं नाही. डबा बिघडला असेल, तर दोष डबा बनवणाऱ्याचा. तार सैल झाली असेल, तर सरांचा. फाइल चुकली असेल, तर माझा. मी मनात देवाला सांगत होते की तार असू दे. सरांनी मला कॉलेजच्या पुस्तकांसाठी मदत केलेली आहे, तरी मी तसं म्हणत होते.

मेस्त पडवीत फळीसमोर उकिडवे बसले होते. गणपती जवळजवळ पूर्ण झाला होता. सुरेख आला होता. आणि पानवेलीतून निघून त्याच्या कानापर्यंत एक सरळ चर गेला होता. वीतभर लांब आणि तांदळाच्या दोन दाण्यांएवढा खोल.

"काय झालं?"

"लायट गेली. हांवें पूल कुशीक केलो, फळी पुसली. लायट आयली, डब्यान विचारलें, हांवें होय म्हळें."

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. यंत्राला डोळे नसतात. डोळे बांधून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखं ते असतं. कुठून निघालो आणि किती पावलं चाललो, एवढंच त्याला माहीत. लाईट जाते तेव्हा त्याच्या मोटरी ढिल्या पडतात आणि पूल बोटाने ढकलला तरी सरकतो. मेस्तांनी तो दोन बोटं बाजूला केला. डब्याला जे आठवत होतं ते सगळं बरोबर होतं. फक्त यंत्र त्या जागी राहिलं नव्हतं. म्हणून लाईट आल्यावर आधी 'घरी जा' दाबायचं असतं. मग ते आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात जातं, खुणेला टेकतं आणि तिथून पावलं नव्याने मोजतं. हे मी त्यांना त्या दुसऱ्या दिवशी शिकवणार होते.

आणि हे सगळं कळूनही माझ्या तोंडून काय आलं? "तुम्ही पूल हलवला कशाला?"

मेस्तांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "काम थांबलें की हत्यार कुशीक करप, फळी पुसप. म्हज्या बापायन शिकयलां. पुसूं नाका म्हण तुवें खंय सांगिल्लें?"

खरंच, कुठे सांगितलं होतं? पन्नास वर्षं ज्या हाताने काम थांबलं की फळी पुसली, तो हात त्या दिवशीही पुसणारच. हे मी आधी बघायला हवं होतं. मी डब्याचे गुण बघितले, कॉम्प्युटरचे दोष बघितले. मेस्तांचे हात बघितले नाहीत.

फळी अजून हातची गेली नव्हती. जाड होती. सगळा वरचा थर रंध्याने काढून टाकला आणि नव्याने कोरलं, तर जमेल असं मेस्त म्हणाले. पण एकदाच. त्यानंतर गणेशपट्टीला लागते तेवढी जाडी उरणार नव्हती. आणि देवाच्या फळीला असा रंधा लावायचा तर समितीची परवानगी हवी होती.

त्या संध्याकाळी घरी मी जेवले नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा सांगितलं. ते म्हणाले, "चेडवा, गाडी कलंडली काय ड्रायवरान पयलो खाली उतरून सांगूचा असता. मालक इचारीसर थांबूचा नसता." त्यांची स्वतःची गाडी एकदा कलंडली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

समिती देवळाच्या मंडपात बसली. मेस्त खाली मान घालून उभे. मी त्यांच्या बाजूला. अध्यक्ष वयस्क गृहस्थ होते. त्यांनी फळी बघितली, चरावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मागीर कौल चुकलो म्हणूं?"

हा प्रश्न फार अवघड होता. देव चुकला असं कोणी म्हणणार नाही. मग उरले मेस्त. थरथरत्या हाताचा म्हातारा, त्याला काम दिलं हेच चुकलं, असं तिथल्या दोघांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. हे काम गेलं असतं तर त्या भागात मेस्तांना परत कोणी देवळाचं काम दिलं नसतं.

मी पुढे झाले. "कौल डबा घ्यायचा होता. चालवायला शिकवणं माझं काम होतं. ते मी अर्धं सोडून परीक्षेला गेले. मेस्तांनी मी सांगितलं तेच केलं."

"तू कोणाची?"

"सुर्ल्याच्या टिप्परवाल्याची."

"परीक्षेत पास झालीस?"

"झाले."

"तरी बरें," एक जण म्हणाला, आणि दोघंतिघं हसले. अध्यक्ष हसले नाहीत. मेस्तांना म्हणाले, "रंधो मार. पूण अंतू, हें निमाणें, शेवटचें."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता परत कौल लावायचा का? कंट्रोलर बदलायचा असेल तर..."

"नाका," मेस्त म्हणाले. "आतां तू सांग."

हे कौलापेक्षा फार जड होतं. मी आठवडाभर विचार केला. कॉम्प्युटर आणावा, स्वतः समोर बसावं, पडद्यावर प्रत्येक रेघ बघावी, असं भीतीमुळे वाटत होतं. पण कॉम्प्युटर असता तर लाईट गेल्यावर त्याला काहीच आठवलं नसतं. आणि तो मला येतो, मेस्तांना नाही. यंत्र त्यांचं आहे, मी निघून जाणार. डब्याची बटणं त्यांच्या बोटांना पाठ झाली होती. मी डबाच ठेवला. हे बरोबर होतं की हट्ट, याची खात्री मला तेव्हा नव्हती. भाड्याचा जनरेटर आणावा असंही मी सुचवलं, पण त्याची वीज कमीजास्त होऊन यंत्राला धक्के बसतात म्हणून सर नको म्हणाले.

यावेळी मी कॉलेजातून सुटी घेतली. आंब्याच्या एका टाकाऊ फळीवर आम्ही सराव केला. मी चार वेळा मेन स्विच बंद केला. चारही वेळा मेस्तांचा हात आधी पुलाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांना स्वतःचंच हसू आलं. "हात म्हातारो जालो, पूण बापायचें आयकता," म्हणाले. फळीच्या न कोरायच्या कोपऱ्यात मी सुईएवढी एक खूण करून घेतली. यंत्र घरी जाऊन आलं की पात्याचं टोक तिथे टेकवून बघायचं, म्हणजे जागा चुकलेली नाही हे डोळ्यांना दिसेल.

रंधा मारलेल्या फळीवर काम सुरू झालं. दोन दिवस लाईट राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी, पातं बरोबर गणपतीच्या सोंडेवर असताना, गेली.

यंत्राचा आवाज बंद झाला की एकदम फार शांत होतं. फळीवर भुशाचा ढीग. सोंड त्याखाली झाकलेली. मेस्तांनी खांद्यावरचं फडकं काढलं, तसंच माझ्या हातात दिलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरले. आम्ही उभे राहिलो. बराच वेळ. त्यांचं लक्ष त्या भुशावरून हलत नव्हतं. बाहेरून वारा आला आणि भुसा आणखी पसरला.

"मात्शें पुसूं?"

"नाका."

माझ्यापेक्षा एवढ्या मोठ्या माणसाला मी असं कधी म्हटलं नव्हतं.

लाईट आली. डब्याने विचारलं. मेस्तांनी आधी 'नाही' दाबलं, म्हणजे एवढ्यात नाही, मग 'घरी जा'. पूल कोपऱ्यात गेला, खुणेला टेकला. मग त्यांनी पातं फळीच्या सुईएवढ्या खुणेवर आणलं. वाकून बघितलं. मला बोलावलं, मीही बघितलं. बरोबर तिथेच. तेव्हा कुठे त्यांनी काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू केलं. पातं भुशात उतरलं. मी डोळे मिटले. आवाज तसाच, एकसारखा, लाकूड कापताना येतो तसा. उघडले तेव्हा सोंड पुढे वळत होती.

ती गणेशपट्टी आता जागेवर आहे. पहिल्यापेक्षा उठाव थोडा कमी आला. मेस्तांना तो खटकतो आणि मलाही. पुढचं एक काम त्याच समितीने मेस्तांना दिलं.

त्यानंतर कंट्रोलर कुठला घेऊ असं कोणी विचारलं, की मी लगेच उत्तर देत नाही. आधी एक विचारते. परवा साखळीहून पाट्या रंगवणारे एक गृहस्थ आले होते, त्यांनाही विचारलं. "मध्येच लाईट गेली की तुम्ही काय करता?"

ते विचारात पडले. "काय करणार? उठून चहाला जातो."

"कामाला हात लावत नाही?"

"लाईट नाही तर हात लावून काय करू?"

"मग तुम्हाला दोन्ही चालतील," मी म्हटलं. तरीही मी त्यांना पूर्ण दोन दिवस बसवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पाच वेळा मेन स्विच बंद केला.